आणि दुसऱ्या दिवशी?

अपंगत्वाच्या भत्त्यासाठी भरायच्या अर्जाच्या चौथ्या पानावर एक प्रश्न होता : ‘पाण्याने भरलेला पेला उचलून तोंडापर्यंत नेता येतो का?’ पुढे दोन चौकोन. हो. नाही.

त्या दोन चौकोनांपुढे मी अर्धा तास बसून होते. पेला मला उचलता येतो. दुपारी एका हाताने येतो. पहाटे उठल्याउठल्या दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागतो, कारण तेव्हा बोटं मिटतच नाहीत. आणि आजार उसळलेला असतो त्या आठवड्यात तेही जमत नाही. पेला टेबलावरच राहतो आणि मी वाकून नळीने पाणी पिते. यातलं काय लिहायचं? ‘नाही’ लिहावं तर दुपार खोटी पडते, ‘हो’ लिहावं तर पहाट. सरकारी कागदावर खोटं लिहिण्याची भीती अंगात मुरलेली. मी ‘हो’वर खूण केली. सतरा प्रश्नांपैकी अकरांना तीच खूण केली.

त्या अकरा खुणा पुसायला पुढे चौदा महिने लागले.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, “म्हणजे संधिवातच ना? आमच्या आईच्याही गुडघ्यात आहे.” त्यांच्या आईचं दुखणं खोटं नाही, पण ते बहुधा झिजेचं असतं. माझ्या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. ही सूज सांध्यांपुरती थांबत नाही, सगळं अंग त्यात ओढलं जातं. त्यातून जो थकवा येतो तो सांगायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत. दमलेला माणूस झोपतो आणि ताजा होऊन उठतो. हा थकवा झोपून उठल्यावरही तसाच असतो. तापातून उठल्यावरचा पहिला दिवस आठवून बघा. तो पहिला दिवस संपतच नाही, असं काहीसं.

सोळा वर्षं मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. पिपेटने ठरलेले मायक्रोलिटर ओढायचे, नळीत सोडायचे, टोक टाकून द्यायचं, नवं टोक लावायचं, पुन्हा ओढायचे. अंगठ्याचं तेच एक दाबणं दिवसातून काहीशे वेळा. आजार सुरू झाला तो मनगटात आणि बोटांच्या मुळाशी. दोन वर्षं मी निभावून नेलं. तिसऱ्या वर्षी संध्याकाळच्या नमुन्यांच्या वेळी हात थरथरायला लागला. तेव्हाही माझ्या हातून एकही रिपोर्ट चुकीचा गेला नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण चुकीच्या रीडिंगवरून कुणाच्या तरी औषधाचा डोस बदलतो, हे ठाऊक असताना चूक होण्याची वाट बघत बसणं मला जमलं नाही. मला कुणी काढलं नाही. मी राजीनामा दिला. पुढे फाइलमध्ये त्याची नोंद एका ओळीत झाली : ‘नोकरी स्वेच्छेने सोडली.’

वैद्यकीय तपासणीची वेळ मिळाली दुपारी अडीचची. तपासणी वीस मिनिटं चालली. कोनमापकाने मनगट किती वळतं ते मोजलं. मूठ वळा म्हणाले, वळली. हात डोक्याच्या वर न्या म्हणाले, नेले. खुर्चीतून न धरता उठा म्हणाले, उठले. तपासणारे वाईट नव्हते, उद्धट तर अजिबात नव्हते. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. महिन्याभराने अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं, त्यात ते सगळं होतं : स्वतः चालत आल्या, दोन्ही मुठी पूर्ण वळल्या, पेहराव नीटनेटका, अर्ज स्वहस्ते आणि सुवाच्य अक्षरात भरलेला.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण तिथे अंगात थोडं त्राण असावं म्हणून आदल्या दोन दिवसांत मी अंथरुण सोडलं नव्हतं. पेहरावाची बटणं धाकट्या बहिणीने लावून दिली होती. अर्जाची बारा पानं सहा दुपारी थोडी थोडी करून लिहिली होती, एका बैठकीत दोन पानांच्या वर बोटं चालत नव्हती. आणि तपासणीवरून परत आल्यावर पुढचे तीन दिवस मी भिंत धरून चालत होते. ही चार वाक्यं कुठल्याच रकान्यात बसणारी नव्हती, म्हणून ती कुणी विचारली नाहीत आणि मीही सांगितली नाहीत.

पत्र वाचून मला रडू आलं नाही. मला आठवली ती आमची प्रयोगशाळा.

तिथे आलेल्या पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट म्हणजे नमुना घेतल्याची वेळ लिहिणं. कॉर्टिसोल हे संप्रेरक मोजायचं असेल तर सकाळी आठचं रक्त वेगळं आणि दुपारी चारचं वेगळं. वेळ लिहिलेली नसेल तर त्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही. साखरेचंही तेच. उपाशीपोटीची एक साखर म्हणजे त्या सकाळची साखर, बस्स. माणसाचं खरं कसं चाललंय हे बघायला एचबीएवनसी करतात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि त्यांच्यावर चढलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. एका दिवसाच्या आकड्यावरून मधुमेहासारखा आजार कसा चाललाय ते कळत नाही, हे वैद्यकाने केव्हाच मान्य केलंय. आणि माझ्या बाबतीत मात्र अडीच ते दोन-पन्नास ही वीस मिनिटं सगळ्या वर्षाच्या जागी धरली गेली.

शिवाय ती वेळ. माझ्या आजारात बोटं सर्वांत जास्त आखडतात ती सकाळी. सूज वाढवणारी इंटरल्यूकिन-सिक्ससारखी द्रव्यं रक्तात पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असतात. दिवस चढतो तसा ताठरपणा उतरत जातो. बरे दिवस असतील तर तासाभरात, वाईट दिवसांत दुपार होते. म्हणजे अडीच वाजता तपासणाऱ्यासमोर बसलेली मी दिवसातली सर्वांत चांगली मी होते. कॉर्टिसोलच्या नळीवर वेळ लिहितात. माणसाच्या अहवालावर ती लिहायला जागाच नव्हती.

आणखी एक गाठ होती, ती सुटायला मला फार वेळ लागला. एक्स-रे. कार्यालयाला एक्स-रेमध्ये कुरतडलेली हाडं हवी होती. माझी हाडं बऱ्यापैकी शाबूत आहेत, कारण निदान लवकर झालं आणि मेथोट्रेक्सेट वेळेवर सुरू झालं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्या रात्रीनंतरचा माझा पूर्ण दिवस मळमळीत जातो, डोकं जड राहतं, काही वाचलं तर ध्यानात राहत नाही. असे आठवड्यातून एक याप्रमाणे वर्षाचे बावन्न दिवस मी देते तेव्हा हाडं टिकतात. पण टिकलेली हाडं एक्स-रेत चांगली दिसतात आणि त्याखाली लिहिलं जातं : ‘लक्षणीय विकृती नाही.’ काही दिवस तर मनात असंही येऊन गेलं की औषध थांबवलं तर वर्ष-दोन वर्षांत बोटं वाकडी होतील आणि मग सगळे विश्वास ठेवतील. असा विचार आपल्या मनात आला याची मला त्या रात्री फार भीती वाटली. पण तो माझ्या एकटीच्याच मनात आला असेल असं मला वाटत नाही. ज्या पद्धतीत बरं राहण्यासाठी धडपडणारा माणूस पुरावा गमावतो, ती पद्धत चुकीची आहे. हे मी रागाने म्हणत नाही. मोजमापाच्या कामात आयुष्य घातलेली बाई म्हणून म्हणते.

अपिलाला मुदत असते. ती चुकली की सगळं पहिल्यापासून. त्या दिवसांत मी वाचत सुटले, बहुतेक रात्री, कारण दुखण्याने झोप लागत नव्हती. हा संशय येतो कुठून, हे मला समजून घ्यायचं होतं.

तो फार जुना आहे. प्लेगच्या महासाथीत इंग्लंडमधली माणसं पटापट गेली, मजूर मिळेनात, तेव्हा १३४९ मध्ये तिथल्या राजाने फर्मान काढलं. त्यात धडधाकट भिकाऱ्याला भीक घालायलाही बंदी होती. म्हणजे समोरचा खरंच असमर्थ आहे की कामचुकार, हे देणाऱ्याने आधी ठरवायचं. १८८९ मध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी अपंगत्व आणि वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. वृद्धापकाळाचं सोपं होतं, सत्तर पूर्ण झाली की झाली. वय कागदावर असतं. असमर्थता कागदावर नसते, ती कुणीतरी ठरवावी लागते, आणि तिथून डॉक्टरचं टेबल हाच दरवाजा झाला. माझं म्हणणं पारख नकोच असं नाही. पैसा सगळ्यांचा आहे, पारख हवीच. पण सहा शतकांनंतरही पारखीची सुरुवात ‘ही फसवत तर नसेल?’ इथूनच व्हावी का?

जग अगदीच जागेवर थांबलंय असंही नाही. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाचं एक वर्गीकरण स्वीकारलं, त्यात शरीरातला दोष आणि माणसाचं प्रत्यक्ष जगणं यांना सरळ एकच धरलेलं नाही. भोवतालची परिस्थितीही धरली आहे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातल्या अठ्ठाविसाव्या कलमात सामाजिक संरक्षण हा अपंग व्यक्तींचा हक्क मानला आहे. मेहेरबानी नव्हे, हक्क. भारतात २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाची यादी सातावरून एकवीस प्रकारांवर नेली. थॅलसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन असे आयुष्यभर पुरणारे आजार तिच्यात आले. पण बऱ्याचशा लाभांची दारं तिथेही चाळीस टक्के अपंगत्वावरच उघडतात, आणि माझ्या आजाराचं नाव त्या यादीत नाही.

या सगळ्या वाचनात मी एका शब्दापाशी थांबले. ब्रिटनमध्ये आजारी आणि अपंग माणसांसाठी २०१३ पासून जो वैयक्तिक भत्ता आहे, त्याच्या नियमांत म्हटलंय की माणसाला एखादी गोष्ट ‘करता येते’ असं तेव्हाच धरायचं, जेव्हा ती सुरक्षितपणे, बऱ्यापैकी दर्जाने, वाजवी वेळात आणि पुन्हा पुन्हा करता येते. आणि अडचण निम्म्याहून अधिक दिवस असेल तर ती धरायची. अमेरिकेतही काम करण्याची क्षमता बघताना दिवसाला आठ तास, आठवड्याचे पाच दिवस, असं सलग बघायचं असा दंडक आहे. म्हणजे हा शब्द कुणाला तरी सुचलेला आहे. कायद्यात छापलेला आहे. पुन्हा पुन्हा! मी तो वाचला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी मोठ्याने वाचला. माझ्या पेल्याचं, माझ्या जिन्याचं, माझ्या बारा पानांच्या सुवाच्य अक्षराचं सगळं उत्तर या शब्दात होतं. मला उचलता येतं. पुन्हा पुन्हा येत नाही.

अर्थात शब्द छापलेला असला म्हणजे तपासणीच्या टेबलावर तो कुणाला आठवतोच असं नाही. आणि वाट बघणं सगळीकडेच आहे. अमेरिकेत निकाल बाजूने लागला तरी अपंगत्व सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या पाच पूर्ण महिन्यांचे पैसे बहुतेकांना मिळत नाहीत. तिथल्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये आकडा दिला : २००८ ते २०१९ या आर्थिक वर्षांत सुमारे १,१०,००० अर्जदार अपिलाचा शेवटचा निकाल लागण्याआधी वारले. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आणि त्या रात्री पुढे काही वाचलं नाही.

वही हा बहिणीचा हट्ट. ती म्हणाली, “ताई, तू खोटं लिहू नकोस. पण खरं अर्धवटही लिहू नकोस.”

तिने चार रकाने आखले. वेळ. काय केलं. करताना काय झालं. दुसऱ्या दिवशी कशी होतीस. हात चालेल तेव्हा मी लिहायचं, नाहीतर मी सांगायचं आणि तिने लिहायचं. कुणाच्या अक्षरात आहे तेही लिहायचं. पाच महिने आम्ही हे केलं. ‘सकाळी ६.४०. दात घासले. ब्रश मुठीत धरला, दोनदा पडला. दुसऱ्या दिवशी : मनगट सुजलं.’ ‘दुपारी १. आंघोळ. नंतर पाऊण तास पडून. केस धुतले नाहीत.’ ‘संध्याकाळी ५. फोनवर चाळीस मिनिटं ताटकळत, मग कार्यालयाकडून लाइन तुटली. दुसऱ्या दिवशी : उठले नाही.’

वही लिहिणं हे या सगळ्यातलं सर्वांत कठीण काम निघालं. हाताला नाही, मनाला. आजारी माणूस दिवस काढतो तो जमलेल्या गोष्टी मोजत. आज जिना उतरले, आज स्वतः वेणी घातली, यावर मी जगत होते. वही उलटं मागत होती. काय जमलं नाही, कुठे पडलीस, कुणाला हाक मारावी लागली. रोज रात्री स्वतःचं अपयश वेळेसकट लिहायचं आणि सकाळी उठून पुन्हा हिमतीने पाय जमिनीवर टेकवायचे. दुसऱ्या महिन्यात मी वही फेकून दिली होती. बहिणीने ती उचलली, काही बोलली नाही, त्या दिवसाची पानं कोरी ठेवली आणि वर तारीख घातली. पुढे सुनावणीत त्या कोऱ्या पानांबद्दल विचारलं गेलं तेव्हा मी खरं ते सांगितलं.

ज्यांना अशी बहीण नाही ते काय करत असतील? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. सगळी कागदपत्रं मुदतीत गोळा करायची, तीन ठिकाणी झेरॉक्स द्यायच्या, रांगेत उभं राहायचं, पत्रातली भाषा समजून त्याच भाषेत उत्तर द्यायचं, नोंदी ठेवायच्या. हे ज्याला एकट्याला नीट जमतं त्याला नोकरीही बऱ्यापैकी जमली असती. असमर्थता सिद्ध करायला जी ताकद लागते, तीच तर आजाराने नेलेली असते.

सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक तरुण मुलगी होती. तिला मिरगी होती. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत ती कुणाहीसारखी दिसते, आणि ती तशीच दिसत होती. तिच्या हातात एकच कागद होता, त्यावर औषधांची नावं. झटके कधी येतात, नंतर किती वेळ शुद्ध नीट नसते, दुसऱ्या दिवशी काय होतं, हे तिला सगळं तोंडपाठ होतं. लिहिलेलं काहीच नव्हतं. माझ्या बहिणीने वहीची मागची दोन पानं फाडली, रकाने आखले आणि तिला म्हणाली, “तू सांग, मी लिहिते.” सहा झटके लिहून झाले तेवढ्यात तिला आत बोलावलं. तिचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

माझ्या सुनावणीला तिघं होते. दोघांनी तेच विचारलं, चालत आलात का, किती वेळ बसू शकता. तिसऱ्या बाई कडेला बसून वही चाळत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं,

“जिना चढता असं लिहिलंय. किती मजले?”

“दोन.”

“एका दमात?”

“मध्ये एकदा बसते.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

मला उत्तर येत होतं. पाच महिन्यांच्या जवळजवळ प्रत्येक पानावर ते लिहिलेलं होतं. पण हा प्रश्न सरकारी टेबलाच्या पलीकडून आलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि माझा आवाजच फुटेना. त्या थांबल्या. घाई केली नाही. मग मी सांगायला लागले, आणि शेजारच्या दोघांनी लिहायला घेतलं.

निकाल बाजूने लागला. दोन वर्षांसाठी. आजार आयुष्यभराचा आहे, तरी फेरतपासणी होणार. ज्यांची स्थिती बदलणार नाही हे वैद्यकशास्त्र ठामपणे सांगतं, त्यांना पुन्हा पुन्हा बोलावण्यात कुणाचाच फायदा नाही असं मला वाटतं. तेवढ्या वेळात बाकावरच्या त्या मुलीसारख्या दहा जणांना नीट ऐकून घेता येईल. पण ते माझ्या हातात नाही.

फेरतपासणीचा अर्ज गेल्या महिन्यात आला. चौथ्या पानावर तोच प्रश्न, तोच पेला, तेच दोन चौकोन. या वेळी मी तो दुपारपर्यंत ठेवला नाही. पहाटे उठले, बहिणीला उठवलं नाही, पेन मुठीत धरलं. कुठल्याच चौकोनावर खूण केली नाही. शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘सोबतची पानं पाहावीत’, आणि खाली वेळ घातली, ६.२०. अक्षरं वाकडी आली, शेवटची दोन तर ओळीच्या खाली उतरली. दुपारी बोटं मोकळी झाल्यावर ती नीट गिरवता आली असती. ती तशीच ठेवली.